काळाचौकीची पिठाची गिरणी: डबा ठेवण्याआधी हे वाचा

मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. थालीपिठाची भाजणी, चकली, गणपतीत उकडीचे मोदक, उन्हाळ्यात सातूचं पीठ, आणि लहान मुलं असलेल्या घरांसाठी नाचणीचं सत्त्व. असल्या धंद्यात आपली निम्मी अब्रू गिरणीवाल्याच्या हातात असते. डाळ कितीही चांगली आणा, मंद आचेवर कितीही निगुतीनं भाजा. आपल्या आधी कुणाचा तरी बाजरीचा डबा त्याच दगडातून उतरला असेल, तर चकलीचा रंग गेलाच म्हणून समजा. त्यामुळे मुंबईच्या लालबाग-परळ पट्ट्यातल्या बऱ्याच गिरण्या मी पालथ्या घातल्या. आता गेली काही वर्षं माझं सगळं दळण एकाच ठिकाणी जातं, आणि त्या जागेबद्दल मला नीट, सविस्तर लिहायचं आहे.

दत्ताराम लाड मार्गावरून काळाचौकीकडे जाताना आतल्या एका गल्लीत, जुन्या चाळीच्या तळमजल्यावर ही गिरणी आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही, देवाचं नाव नाही, नुसतं ‘पिठाची गिरणी’. चालवणाऱ्या बाईंना अख्खा परिसर काकी म्हणतो, मीही काकीच म्हणते. त्यांचे सासरे कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. परत कामावर जायची आशा संपल्यावर त्यांनी बायकोचे दागिने मोडून ही चक्की घेतली. त्या दिवसांत या भागात रेशनचा लाल गहू हाच बहुतेकांच्या घरी असायचा, आणि सासऱ्यांचा पहिला नियम त्यातूनच आला: डबा कुणाचा आहे आणि आत काय आहे हे बघून रांग बदलायची नाही. आजही टॉवरमधून ड्रायव्हरच्या हाती आलेला शरबतीचा डबा आणि रेशनच्या गव्हाची कापडी पिशवी एकाच रांगेत, आली त्या क्रमानं लागतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. या भागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोण राहतं आणि कोण गेलं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते का महत्त्वाचं आहे हे वेगळं सांगायला नको.

आता कामाबद्दल. दोन चक्क्या आहेत, दोन्ही दगडाच्या. एकीवर फक्त गहू. दुसरीवर बाकी सगळं, पण वेळ ठरवून: सकाळी उघडल्यावर पहिले उपासाचे पदार्थ, म्हणजे राजगिरा, वरी, शिंगाडा; मग तांदूळ; मग ज्वारी आणि नाचणी; बाजरी त्यांच्यानंतर; आणि दुपारनंतर डाळी आणि भाजण्या. भाजणीत धणे-जिरे असतात, त्यांचा वास दगडाला धरतो, म्हणून त्या सगळ्यांत शेवटी. मिरची आणि हळद अजिबात घेत नाहीत. ‘लालबागला मसाला कुटायचे डंख आहेत, तिकडे जा,’ असं सरळ सांगतात. एका चक्कीवर मसाला चालवला असता तर मार्च ते मे या तीन महिन्यांत त्यांची वर्षभराची बेगमी झाली असती. या पट्ट्यात उन्हाळ्यात मसाला कुटून घेणाऱ्यांची काय गर्दी असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकदा मिरची फिरली की त्या दगडावर लहान बाळाची नाचणी दळता येत नाही, एवढंच त्यांचं कारण.

धान्य बदललं की पहिली मूठ-दोन मुठी पीठ बाजूला काढतात. ते गिऱ्हाइकाच्या डब्यात पडत नाही आणि त्याचे पैसेही गिऱ्हाइकाकडून घेत नाहीत. सगळ्यांचं मिळून जमलेलं ते पीठ एका पत्र्याच्या डब्यात साठतं. दिवाळीच्या आधी कंदील करणारी मंडळं खळीसाठी ते घेऊन जातात.

वजनाचं सांगते, कारण गिरणीबद्दलची सगळ्यांत जुनी तक्रार तीच असते. इथे धान्य आल्यावर तुमच्यासमोर वजन होतं, चिठ्ठीवर लिहिलं जातं, आणि पीठ उतरल्यावर पुन्हा वजन होतं. काट्यावर वैधमापनवाल्यांचा चालू वर्षाचा शिक्का आहे, आणि काटा तोंड गिऱ्हाइकाकडे करून ठेवलेला आहे. दळताना थोडी तूट येतेच. पीठ उडतं, ओल उडून जाते. ती किती आली हे चिठ्ठीवर दुसऱ्या आकड्यात दिसतं आणि नेहमीपेक्षा जास्त आली तर काकी स्वतःच सांगतात. एकदा माझ्या ज्वारीला जरा जास्त तूट दिसली तेव्हा त्यांनी चक्की थांबवून तोंडाची कापडी बाही काढली, झटकली, आत अडकलेलं पीठ माझ्या डब्यात ओतलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. मागे रांग होती. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही, कारण प्रत्येकाच्या डब्याला तसंच होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

दर जरा चढे आहेत. गव्हाला किलोमागे १० रुपये, ज्वारी-बाजरीला १२, भाजणीला १६. शेजारच्या गल्लीत याहून दोन-दोन रुपये कमी पडतात. फरक कशाचा, हे पीठ हातात घेतल्यावर कळतं. इथलं पीठ कोमट उतरतं, चटका बसेल असं गरम कधीच नाही. दगड फार घट्ट आवळले आणि चक्की भरधाव सोडली की दळण निम्म्या वेळात होतं, पण पीठ तापतं; मग त्याची पोळी चिवट होते आणि पीठ टिकतही नाही. काकी दगड सैल ठेवतात, धान्याची धार बारीक ठेवतात, आणि सलग बरंच दळून झालं की चक्की थोडा वेळ बंद करून ठेवतात. ‘घाई असेल तर दुसरीकडे जा गो बाय, मी रागावणार नाही,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. लोक खरंच जातात. गिऱ्हाईक दारातून परत जाताना बघणं सोपं नसतं. मी स्वतः छोटा धंदा करते, मला ते ठाऊक आहे.

गणपतीच्या आधी मी मोदकाच्या पिठासाठी आंबेमोहर तांदूळ नेते. धुऊन, निथळून, सावलीत कापडावर सुकवलेला. काकी डबा उघडतात, तळाशी हात घालतात आणि अगदी खालचे चार दाणे काढून दाताखाली धरतात. कट्ट आवाज आला तर तांदूळ सुकलाय. दाणा नुसता दबला तर ओल आहे. वरचे दाणे कधीच तपासत नाहीत, कारण वरचे सगळ्यांचेच सुकलेले असतात. ओल असेल तर डबा परत. मुंबईच्या श्रावण-भाद्रपदाच्या हवेत तांदूळ सुकायला किती वेळ घेतो हे माहीत असूनही परत. ओला तांदूळ दगडाला चिकटतो, पिठात गोळे होतात, आणि त्याची उकड काढली की पारीला चिरा जातात. नीट सुकवून नेलेल्या तांदळाचं इथलं पीठ मात्र असं उतरतं की मैद्याच्या चाळणीवर जेमतेम चमचाभर चाळ उरतो. ती उकड मळताना हातालाच कळतं. पारी कडेला पातळ करत नेली तरी फाटत नाही, आणि मुखऱ्या हव्या तेवढ्या काढता येतात.

घरघंटीबद्दल मला नेहमी विचारतात, म्हणून तेही इथेच सांगून टाकते. घरघंटी वाईट नाही. दोघांच्या संसाराला, रोजच्या पोळीच्या पिठाला ती पुरते. पण तिच्यात दाणा पात्यांनी फोडला जातो आणि जाळीतून गाळला जातो. दगडाखाली दाणा चेपून दळला जाण्याचं काम वेगळं आहे. मोदकाचं पीठ आणि ज्वारीचं पीठ या दोन गोष्टींत मला तो फरक स्वच्छ जाणवतो. ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा हवा, नाहीतर भाकरी थापताना कडा तुटतात. काकी म्हणूनच ज्वारी आणि बाजरी एका वेळी फार दळून देत नाहीत. मोठा डबा दिसला की विचारतात, घरात माणसं किती. बाजरीत तेलाचा अंश जास्त, तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट लागायला लागतं. ‘निम्मी आज दे, निम्मी पुढच्या आठवड्यात आण,’ असं सांगणारी दुसरी गिरणी मला या भागात सापडली नाही.

दोन गोष्टी मी स्वतः उभी असताना घडल्या, आणि त्यांच्यामुळेच हे लिहायला घेतलं.

एक तरुण आई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाला सिलिअ‍ॅक निघाला होता, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न सोसणारा आजार; डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद सांगितला होता. तिला ज्वारी आणि तांदूळ दळून हवे होते. दुसरी चक्की वेगळी आहे, भाजणीतला सोडला तर तीवर गहू जात नाही, पहिली मूठ बाजूला काढतात, हे सगळं तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुणीही तो डबा ठेवून घेतला असता. काकींनी तिला आत बोलावलं आणि गव्हाच्या चक्कीकडे बोट दाखवलं. ‘ही बघ. दोन्हींच्या मध्ये भिंत नाही. गव्हाचं पीठ हवेत उडतं, ते सगळीकडे बसतं, या तांदळाच्या चक्कीवर पण. साध्या माणसाला काही होत नाही. तुझ्या मुलाला होईल. तू घरघंटी घे, आणि तिच्यात गहू कधीच घालू नकोस.’ त्या बाईचा चेहरा पडला, कारण घरघंटी म्हणजे हजारोंचा खर्च. काकींनी तिला सोबत आणलेली ज्वारी परत बांधून दिली आणि तोवर मिक्सरमध्ये थोडी थोडी कशी दळायची, कुठल्या चाळणीनं चाळायची, हे समजावून सांगितलं.

घरी येऊन मी माहिती काढली. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर किलोभर ज्वारीत एखादी चिमूट गव्हाचं पीठ पडलं तरी ती मर्यादा ओलांडली जाते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून ज्वारी-नाचणीचं पीठ ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून पाकिटात घालून विकणाऱ्या घरगुती उद्योजिका माझ्या ओळखीतच कितीतरी झाल्या आहेत. त्यांतल्या किती जणींनी आपलं धान्य कुठल्या चक्कीवर दळलं जातं याची चौकशी केलीय? मी माझ्या नाचणी सत्त्वाच्या पाकिटावर ते शब्द लिहीत नाही आणि लिहिणार नाही. कुणी विचारलं तर काकींनी त्या आईला जे सांगितलं तेच सांगते.

दुसरी गोष्ट एका केटररची. नाव मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. दर आठवड्याला मोठं काम देतो म्हणाला. पोत्यात हरभरा डाळ होती आणि वेगळ्या पोत्यात पिवळ्या वाटाण्याची डाळ. दोन्ही एकत्र दळून द्या, आणि पावतीवर बेसन लिहा. वाटाण्याची डाळ स्वस्त पडते आणि बेसनात मिसळली तर रंगावरून पटकन ओळखू येत नाही. भजी तळली की थोडी कडक होतात, एवढंच. काकी म्हणाल्या, ‘वाटाणा दळून देते. हरभरा दळून देते. वेगवेगळ्या पिशव्यांत देते आणि पावतीवर जे दळलं तेच लिहिते. एकत्र तुम्ही तुमच्या घरी करा, पण माझ्या पावतीवर नाही.’ आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. तो माणूस पोती उचलून गेला. त्या महिन्यात काकींच्या मोठ्या चक्कीचा पट्टा आणि मोटरचं काम निघालेलं होतं, पैशांची ओढ होती. हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं.

तत्त्वावर धंदा करायचा म्हणजे काय, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. बचत गटाच्या शिबिरांत, उद्योजिकांच्या मेळाव्यांत मीही ऐकून आलेय. तिथे बहुतेक वेळा तत्त्व म्हणजे पाकिटावर छापायची गोष्ट असते. इथे मला तत्त्वाचा खर्च दिसला, रुपयांत मोजता येईल असा. मसाल्याचा सीझन सोडला, केटरर सोडला, घाईचं गिऱ्हाईक सोडलं, आणि दर धान्यामागे मूठभर पीठ सोडलं. त्या सगळ्याची भरपाई म्हणून किलोमागे दोन रुपये जास्त घेतात. मला ते दोन रुपये कमीच वाटतात, आणि दर वाढवा असं मी त्यांना सांगितलंही आहे.

मंगळवारी गिरणी बंद असते. त्यामागेही कारण आहे. कामाला एक मुलगा आहे, त्याला आठवड्याची पूर्ण सुट्टी मिळते आणि इतर दिवशी नाकातोंडावर मास्क लावल्याशिवाय चक्कीजवळ उभं राहू देत नाहीत. पिठाच्या धुळीनं दमा होतो. काकींच्या सासऱ्यांना शेवटी शेवटी धाप लागायची, ती आधीच्या कापसाची की नंतरच्या पिठाची हे कुणालाच सांगता आलं नाही. बंदच्या दिवशी अधूनमधून दगडांना टाकी लावतात, म्हणजे झिजलेल्या दगडावर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडतात. टाकी लावली की पहिल्या काही किलोंत कच येते, खाताना दाताखाली कचकचते. त्यासाठी काकी स्वतःच्या पैशानं हलकं धान्य आणून दळतात आणि ते सगळं पीठ टाकून देतात. मी विचारलं होतं, गुरांना का नाही घालत? म्हणाल्या, ‘दात त्यांनाही असतात.’

आता न पटणाऱ्या गोष्टी.

संध्याकाळी सातनंतर डबा घेत नाहीत. चर्चगेटहून, बीकेसीहून घरी परतणाऱ्या बायकांना ही वेळ कशी जमणार? माझ्या दोन शेजारणी याच कारणामुळे इथे येऊ शकत नाहीत आणि पाकिटातलं पीठ आणतात. आठवड्यातून एक दिवस तरी नऊपर्यंत उघडं ठेवायला हवं. मुलाची सुट्टी आणि त्याचे तास हे काकींचं कारण मला मान्य आहे, पण दुपारी दोन तास बंद ठेवून संध्याकाळी पुढे ढकलता येईल. हे मी त्यांना बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, अजून बदल नाही.

दुसरं, घरपोच सेवा नाही. जिने उतरू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची या चाळींत आणि नव्या इमारतींत वाण नाही. त्यांच्यासाठी तरी काही सोय व्हायला हवी. सध्या शेजारपाजारचे लोकच एकमेकांचे डबे नेतात.

तिसरं, काकी तोंडावर बोलतात. टोके झालेला गहू नेलात तर चारचौघांत सांगतील, ‘आधी निवड, मग आण.’ काहींना ते लागतं. मला स्वतःला ते चालतं, कारण माझ्या गिऱ्हाइकाच्या ताटात किडलेला गहू जाण्यापेक्षा मला रांगेत ऐकून घेणं परवडतं.

पैसे रोख किंवा क्यूआरवर. उधारी मिळते का, हे विचारू नका. ज्यांना गरज आहे त्यांना मिळते आणि ती वही काउंटरवर नसते.

पहिल्यांदा जाणार असाल तर: डब्यावर आणि झाकणावर, दोन्हींवर नाव लिहा, कारण झाकणं बदलतात. धान्य निवडून न्या, पावसाळ्यात शक्य असेल तर आधी ऊन दाखवून किंवा कढईत जरा शेकवून न्या. भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आत वाफ धरते. थालीपिठासाठी असेल तर ‘रवाळ’ म्हणा, चकलीसाठी ‘बारीक’. नुसतं ‘भाजणी’ म्हटलं तर त्या विचारतीलच. भाजणीचं प्रमाण सुचत नसेल तर मी थालीपिठाला एक किलो ज्वारीला अर्धा किलो बाजरी, अर्धा किलो तांदूळ, पाव-पाव किलो गहू, हरभरा डाळ आणि उडीद, शंभर ग्रॅम धणे आणि थोडं जिरं घेते, प्रत्येक धान्य वेगळं भाजून. हे प्रमाण इथल्या दगडाला बरोबर बसतं. धणे याहून वाढवले तर त्यांचं तेल सुटून पीठ दगडाला धरायला लागतं.

दिवाळीचं दळण दसरा झाल्या झाल्या टाका. वसुबारसेच्या चार दिवस आधी काकी भाजणी घेणं बंद करतात, कारण त्यानंतर घेतलेलं दळण घाईनं दळावं लागेल. ती तारीख फळ्यावर खडूनं लिहिलेली असते, आणि मोठ्या ऑर्डरवाल्यांनाही, म्हणजे मलाही, तीच तारीख लागू आहे.